रंगभवन वगळून इंडी रॉकचा इतिहास कसा लिहिता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘इंडी’ (इंडिपेंडंट, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतः काढलेल्या) गाण्यांवरचा लेख वाचला. सोमवारी रद्दीत टाकलेला अंक काढून पुन्हा वाचला. राग गेला नाही, म्हणून हे पत्र.

लेखिकेनं तरुण मुलांशी बोलून लिहिलं आहे. मुलांची बोली खरी वाटते, त्याबद्दल तिचे आभार. पण लेखात दोन विधानं अशी आहेत की गप्प बसवत नाही. एक म्हणजे, आपल्याकडे हे संगीत २०१० नंतरच्या महोत्सवांतून आणि इंटरनेटवरून आलं. दुसरं म्हणजे, मराठी मध्यमवर्गीय घरांत ते कधी शिरलंच नाही. दुसरं जास्त जिव्हारी लागलं, कारण मी त्याच घरांतली आहे.

आधी पहिल्याबद्दल. पुण्यात २०१० साली एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि नव्या बँडना मोठा मंच मिळाला, हे कोण नाकारतंय? माझी लेक गिटारचं वेड तिथूनच घेऊन आली. पण मुंबईत रंगभवन या खुल्या नाट्यगृहात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव १९८६ साली सुरू झाला होता. रॉक मशीन हा मुंबईचाच बँड. त्यांनी स्वतः रचलेल्या गाण्यांचा पहिला अल्बम १९८८ मध्ये काढला आणि १९९३ मध्ये इंडस क्रीड असं नाव घेतलं. त्यांचे गिटारवादक महेश तिनईकर. आडनाव मुद्दाम लिहिते आहे. १९९३ सालीच अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे रॉक संगीताचं नियतकालिक निघायला लागलं. अमित सैगल यांनी ते चालवलं आणि पाठीशी कंपनी नसलेल्या बँडच्या गाण्यांचे संग्रहही काढले. तेव्हा कुणाच्या घरी इंटरनेट होतं?

‘इंडी’ म्हणजे हळुवार आवाजातली गिटारवरची गाणी, असं लेखात म्हटलं आहे. ते खरं नाही. हा शब्द गाण्याच्या चालीवरून आलेला नाही, पैसा कुणी घातला यावरून आला आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं १९७७ साली उसनवारी करून चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. आधी हजार प्रती छापल्या होत्या, पुढे सोळा हजार खपल्या. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून अशा तबकड्यांच्या खपाची वेगळी यादी छापली जाऊ लागली. तिच्यात यायला अट एकच होती : तबकडी मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून विकलेली हवी. गाणं कर्कश आहे की हळुवार, हे कुणी विचारत नव्हतं. तुमच्या पुरवणीनं एवढं तरी नीट सांगायला हवं होतं.

आता दुसरं. आम्ही ठाकुरद्वारला चाळीत राहायचो. दोन खोल्या, मराठी शाळा, सकाळी रेडिओवर भक्तिगीतं. थोरल्या भावानं कॉलेजातल्या मित्राकडून रॉक मशीनची कॅसेट आणली. आम्ही ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली आणि टेप गुंडाळून तुटेपर्यंत ऐकली. मी अकरावीत असताना त्याच्याबरोबर रंगभवनला जायचं ठरलं. आई नको म्हणाली. अण्णांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “जा. मी न्यायला येतो.”

अण्णा चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. नऊला यायचं ठरलं होतं, पण ते सातलाच येऊन बाहेरच्या फुटपाथवर उभे राहिले होते. पावसाची भुरभुर होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा छत्री मिटलेली, खांदे भिजलेले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. मेट्रो सिनेमापर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “शेवटी जो ढोल वाजवत होता ना, त्या पोराचा डावा हात कच्चा आहे. पण समेवर चोख येतो.” पुढच्या वर्षी त्यांनी तिकीट काढलं आणि आमच्याबरोबर आत बसले. आजूबाजूची केस वाढवलेली पोरं त्यांना ‘अंकल’ म्हणत सरकून जागा देत होती. त्या गर्दीत वांद्रे-कुलाब्याची मुलं होतीच, पण लालबागची, डोंबिवलीची, शेवटची लोकल चुकू नये म्हणून घड्याळ बघणारीही होती. मी त्यांच्यात बसले होते. हे संगीत आमच्या घरात शिरलं नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

आजच्या वाचकाला रंगभवनची गल्ली आठवते ती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे. ते आठवायलाच हवं. पण त्या गल्लीला त्याआधीचंही आयुष्य होतं. १९७८ पासून तिथे ‘जाझ यात्रा’ हा संगीत महोत्सव भरायचा. खुल्या आकाशाखालचं ते नाट्यगृह शांतता क्षेत्रात आलं आणि बंद पडलं. एका बाजूला झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जीटी रुग्णालयं, आणि २००० सालच्या ध्वनिनियमांप्रमाणे त्यांच्या भोवतालच्या १०० मीटरमध्ये लाऊडस्पीकर लावता येत नव्हता. नियमाला माझा विरोध नाही. आपलं माणूस रुग्णालयात पडलेलं असताना बाहेरचा आवाज कसा छातीत घुसतो, हे मी अनुभवलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की एक जागा काढून घेतली तर त्या तोडीची, शहराच्या मध्यावर, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, कॉलेजच्या पोरांना परवडेल अशी दुसरी द्यायला हवी होती. वीस वर्षं उलटून गेली, दिली नाही. लेखात याबद्दल एक ओळ नाही. उलट ‘आजची मुलं घरात बसून हेडफोनवर ऐकतात’ असं लिहिलं आहे. बाहेर जागाच ठेवली नाही, तर ती दुसरं काय करतील?

हे मी उगाच म्हणत नाही. माझी लेक आणि तिचे तीन मित्र यांचा बँड आहे. गाणी त्यांचीच, काही मराठी, काही इंग्रजी. चौघांनी शिकवण्या आणि सुट्टीतली कामं करून पैसे साठवले आणि गेल्या हिवाळ्यात उपनगरातला एक हॉल घेतला. वेळ सात ते दहा. भाडं आगाऊ, वर पंधरा हजार अनामत. दोनशे रुपये तिकीट काढून एकशे तीस मुलं आली. नऊला दहा मिनिटं कमी असताना व्यवस्थापक आले आणि तक्रार आली म्हणून मेन स्विच बंद केला. तक्रार कुणाची? सांगितलं नाही. आवाज मोजला का? नाही. गाणं अर्ध्यावर राहिलं, अंधारात मुलांनी मोबाइलचे दिवे लावले आणि उरलेलं कडवं बिनमाइकचं म्हणून पूर्ण केलं. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. त्या कडव्याला जो सूर लागला, तो मी विसरणार नाही. अनामत आजतागायत परत मिळालेली नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच हॉलमध्ये लग्नाचा डीजे रात्री साडेअकरापर्यंत चालू होता. तो आवाज मी रस्त्यावर उभी राहून ऐकला आहे.

अशा मुलांना ‘इतिहासाचं ओझं नसलेली पिढी’ म्हणून कौतुक करायचं, हे मला पटत नाही. त्यांना इतिहास कुणी दिलाच नाही. माझ्या लेकीला रंगभवन माझ्याकडून कळलं, कुठल्या वर्तमानपत्रातून नाही. पुण्याच्या इझी वॉन्डरलिंग्ज या बँडबद्दल किंवा तुकोबांचे अभंग गिटार आणि ड्रमवर गाणाऱ्या अभंग रिपोस्टबद्दल लेखात एक शब्द नाही, मग मराठी घरांचा संबंध नाही असं वाटणारच. अण्णा आज असते तर अभंग रिपोस्टच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसले असते आणि घरी येऊन डाव्या हाताबद्दल बोलले असते.

आणखी एक. तुमच्या अंकात पूर्वी दुसऱ्या पानावर शहरातल्या कार्यक्रमांचं सदर असायचं. व्याख्यानं, भजनं, गाण्याच्या मैफली, कॉलेजांचे कार्यक्रम, सगळं एका चौकटीत. रंगभवनच्या कार्यक्रमाची तारीख आम्हाला तिथेच कळली होती. ते सदर तुम्ही का बंद केलंत? आता त्या जागी सोसायट्यांच्या जाहिराती असतात. नव्या बँडला जाहिरात परवडत नाही. चार ओळींची बातमी तुम्हाला परवडेल.

मुलं पुन्हा पैसे जमवत आहेत. यंदा हॉल दुसरा बघतील. तारीख ठरली की तुमच्या कार्यालयात कळवीन. छापाल का, तेवढं सांगा.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली पूर्व