देवघेव खिडकीपलीकडच्या मामांना अनावृत पत्र

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

या महिन्याच्या 31 तारखेला आपण सेवानिवृत्त होत आहात, असे परवा एका जुन्या वर्गमित्राकडून कळले. निरोप समारंभात आपल्या सेवेची वर्षे सांगितली जातील, शाल-श्रीफळ दिले जाईल, आणि ते योग्यच आहे. परंतु ग्रंथालयाच्या देवघेव विभागात बसून आपण आमच्यासाठी जे केले, त्याची नोंद सेवापुस्तकात होत नाही, आणि म्हणून ते कोणाच्या भाषणातही येणार नाही अशी मला भीती वाटते. हे पत्र खासगीत न पाठवता सर्वांसमोर लिहिण्याचे कारण एवढेच. महाविद्यालयातील सगळी मुले आपल्याला मामा म्हणत, मीही म्हणत असे, आणि आजही तेच संबोधन वापरतो.

मी पेठ तालुक्यातला. 2016 च्या जुलैमध्ये बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन सावळघाट ओलांडून नाशिकला राहायला आलो, तोपर्यंत नाशिक म्हणजे मोठा दवाखाना, बाजार आणि रामकुंड एवढेच मला ठाऊक होते. आमचे विद्यापीठ पुण्याला, सुमारे 200 किलोमीटरवर. तिथल्या मुलांना विद्यापीठाचा परिसर होता, जयकर ग्रंथालय होते. आम्हाला मात्र विद्यापीठ दिसायचे ते परीक्षेच्या अर्जावर आणि निकालपत्राच्या मुद्रेवर. त्यामुळे विद्यापीठात शिकणे म्हणजे नेमके काय, याचा जो काही अनुभव मला मिळाला तो आपल्या वाचनकक्षात मिळाला, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

आपल्याकडे तेव्हा विद्यार्थ्यांना पुस्तकांच्या फळ्यांपर्यंत जाता येत नसे. मागणीची चिठ्ठी भरायची, त्यावर पुस्तकाचे नाव, लेखक आणि क्रमांक लिहायचा आणि ती खिडकीत द्यायची. घरात कोकणा बोली आणि दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठी माध्यम, असा मी. वर्गात इंग्रजीतून सांगितलेल्या पुस्तकांची नावे मला धड ऐकूही आलेली नसायची. सलग तीन दिवस मी रांगेत उभा राहिलो आणि माझी पाळी येण्याआधीच बाजूला झालो. चौथ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर आपण स्वतः बाहेर आलात आणि म्हणालात, "पुस्तकाचं नाव माहीत नसलं तरी चालतं. काय समजलं नाही, ते सांग."

त्या दिवशी मी काय सांगितले ते आता आठवत नाही, पण आपण मला संदर्भ विभागात नेऊन मराठी विश्वकोशाच्या खंडांसमोर बसवले, हे स्वच्छ आठवते. आधी ओळखीचे काहीतरी काढ, असे आपण सुचवले आणि मी 'नाचणी' ही नोंद काढली. आमच्याकडे जिला नागली म्हणतात, जिची रोपे आम्ही पावसात चिखलात उभे राहून लावतो, तिचे एल्युसिन कोराकाना हे शास्त्रीय नाव, तिचे कुल, तिची लागवड, हे सगळे मराठीत छापलेले होते. आपल्या घरातली भाकरी ज्ञानाच्या ग्रंथात असू शकते, ही गोष्ट मला तोपर्यंत कोणी दाखवलेली नव्हती. त्यानंतर आवृतबीज, प्रकटबीज, प्रकाशसंश्लेषण हे शब्द आधी मराठीत वाचायचे, मग त्यांच्या शेजारी इंग्रजी संज्ञा वहीत उतरवायची आणि शेवटी इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडायचे, हा क्रम आपणच घालून दिलात. पहिल्या वर्षी मी उत्तीर्ण झालो तो या क्रमामुळे.

2 ऑगस्ट 2016 चा पूर आपल्याला आठवत असेल. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात, हे मी त्याच दिवशी शिकलो, कारण वसतिगृहाच्या यादीत नाव न आल्याने मी पंचवटीत घाटाजवळच्या एका वाड्यात तळमजल्यावर खोली घेतली होती आणि पाणी थेट आत आले. कपडे वाचले, पण ग्रंथालयाची दोन पुस्तके भिजली. नियमाप्रमाणे नवी प्रत आणून द्यावी लागणार होती आणि माझ्याकडे महिन्याच्या खाणावळीचे पैसेही पुरते नव्हते. भिजलेली पुस्तके पिशवीत घालून मी आपल्यासमोर उभा राहिलो, तेव्हा आपण पुराची चौकशी आधी केलीत आणि पुस्तकांची नंतर. मग थोड्या थोड्या पानांनंतर टीपकागद घालणे, पंख्याखाली सुकवणे, वजनाखाली दाबून ठेवणे, हे काम आपण आठवडाभर माझ्याकडून करून घेतले. बांधणी आपण स्वतः केलीत. मैद्याची खळ शिजवताना तिच्यात थोडा मोरचूद घालायचा म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही, हे सांगताना आपल्या आवाजात जो अभिमान होता, तो मी फार थोड्या प्राध्यापकांच्या आवाजात ऐकला आहे. ग्रंथपालांकडे दंडमाफीचा अर्जही आपणच माझ्याकडून लिहून घेतलात, आणि त्यात 'दया' हा शब्द मी लिहिला होता तो खोडायला लावलात.

शिष्यवृत्तीचा हप्ता त्या वर्षी फार उशिरा आला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. मात्र त्याच काळात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने विद्यापीठ चालवत असलेल्या कमवा व शिका योजनेचा अर्ज आपण माझ्या हातात ठेवला. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या या माणसाने मुलांना श्रम करून शिकण्याचा मार्ग दाखवला. त्यांचे नाव मी शाळेच्या पुस्तकात वाचले होते, पण त्या नावाचा माझ्या जेवणाशी संबंध येईल असे वाटले नव्हते. संध्याकाळचे तास आपल्या हाताखाली मिळाले आणि खाणावळीची उधारी थांबली.

त्या तासांत मी जे शिकलो, त्यावर आज माझे पोट चालते. दाखल नोंदवहीत खाडाखोड करायची नाही. पाठीवरची चिठ्ठी सगळ्या पुस्तकांवर एकाच उंचीवर लावायची. फळीवर पुस्तके कोंबायची नाहीत. एकदा नागलीच्या लागवडीवरचे पुस्तक मी वनस्पतिशास्त्राच्या 580 या वर्गक्रमांकात लावले. आपण ते काढून 633 मध्ये नेलेत आणि सांगितले की, पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युई पद्धतीत वनस्पती म्हणून तिचा विचार होतो तेव्हा ती एका जागी असते आणि शेतातले पीक म्हणून होतो तेव्हा दुसऱ्या. वाचणाऱ्याला काय हवे आहे, ते आधी विचारायचे. मराठी साहित्याचा 891.46 हा क्रमांक तर आपण घराचा पत्ता सांगावा तसा सांगत असा. चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक कपाटात असूनही कोणाला मिळत नाही, म्हणून ते हरवल्यातच जमा, हे आपले म्हणणे मी आता माझ्या विद्यार्थ्यांना ऐकवतो.

दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी आपण सहज बोलून गेलात की आपण दहावीवर नोकरीला लागलात आणि बी.ए. पुढे मुक्त विद्यापीठातून, रविवारची संपर्कसत्रे करून पूर्ण केलेत. 1989 मध्ये यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने स्थापन झालेले ते विद्यापीठ आपल्याच शहरात, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. मी 2019 मध्ये बी.एस्सी. झालो, आणि पुढे नोकरी करत ग्रंथालयशास्त्राची पदवी तिथूनच घेतली. अर्ज भरताना हा विषय का निवडला, असे घरच्यांनी विचारले, तेव्हा मी आपलेच नाव सांगितले होते.

माझ्यासारखे इतरही होते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दिवसभर बसणारी मुले, खोलीवर दिवा नाही म्हणून वाचनकक्ष बंद होईपर्यंत थांबणाऱ्या मुली, यांच्यासाठी आपण किल्ली हातात घेऊन किती वेळा शेवटची बस सोडली असेल, याचा हिशेब आम्ही त्या वयात ठेवला नाही. शेवटच्या दिवशी ना-देय दाखल्यावर आपण शिक्का मारलात आणि मी घाईत "येतो मामा" एवढेच बोलून निघालो. पेठची एस.टी. गाठायची होती. आभार मानायचे राहिले, ते आज मानतो. मन:पूर्वक आभार, मामा.

आता मी एका माध्यमिक शाळेचे छोटे ग्रंथालय सांभाळतो. पुस्तके फार नाहीत, पण ती कपाटात कुलूपबंद नाहीत. मुले स्वतः फळीपर्यंत जातात. गेल्या पावसाळ्यात छत गळून काही पुस्तके भिजली, तेव्हा आठवीच्या मुलांना हाताशी घेऊन मी खळ शिजवली. मोरचूद मात्र किती घालावा, याचा अंदाज अजून हाताला आलेला नाही. निवृत्तीनंतर सवड झाली की दोन दिवस आमच्याकडे यावे आणि मुलांसमोर बांधणी करून दाखवावी, अशी विनंती आहे. एस.टी.वर घ्यायला मी येईन, आणि घरी नागलीची भाकरी असेल.

आपला,
कमवा व शिका योजनेतील एक विद्यार्थी (2016 ते 2019)