आधी दुर्बीण, मग पाणी

सातारा,
रविवार सकाळ

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. चार महिने झाले पोट साफ होत नाही, इसबगोल झाला, त्रिफळा झाला, आता कोलन हायड्रोथेरपीचं, म्हणजे यंत्रानं आतडं धुण्याचं, सहा बैठकांचं पॅकेज घेऊ, उरुळीच्या निसर्गोपचार आश्रमात एनिमासाठी जाऊन राहू की वैद्यांकडून बस्ती घेऊ, असं विचारलंस. हे तिन्ही प्रकार मी अंगावर घेतलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

साधा एनिमा सगळ्यात सौम्य. उरुळी कांचनचा आश्रम १९४६ साली गांधीजींनी सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी वाढवला. मातीची पट्टी, कटिस्नान, एनिमा हे सगळं गांधीजी स्वतःवर करत आले होते. मी एका निसर्गोपचार केंद्रात दहा दिवस होतो, तिथेही हीच पद्धत होती. भिंतीवरच्या खिळ्याला डबा टांगलेला, त्यात अर्धा-पाऊण लिटर कोमट पाणी, खाली रबरी नळी. डाव्या कुशीवर निजायचं, उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा. पाणी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जातं, तिथला खडा मऊ होतो आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं, त्यातला बराचसा भाग या पाण्याला लागतही नाही. एनिमाचं काम तेवढंच, आणि तेवढं तो नीट करतो.

तुझ्या पॅकेजवाल्या यंत्राचे दोन प्रकार असतात. एकात आपण टेबलावर पडतो, खाली भांडं असतं आणि बारीक नळी आपली आपण लावायची. पाणी वरच्या टाकीतून उतारानं येतं आणि मळ नळीच्या बाजूनंच बाहेर पडतो. दुखलं तर आपण थांबवू शकतो. दुसऱ्यात जाड नळी असते, एका वाटेनं पाणी आत, दुसरीनं बाहेर. दाब यंत्रावरचा माणूस ठरवतो आणि पोट चोळत राहतो. तासाभरात थोडं थोडं करून साठ लिटरपर्यंत पाणी फिरवतात. मी हा दुसरा प्रकार केला. काचेच्या नळीतून काय वाहून जातंय ते दाखवून तो मुलगा म्हणाला, वर्षानुवर्षांचा थर सुटतोय. दिनू, असा थर नसतोच. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत असतं. साठलेल्या मळाचं विष रक्तात भिनतं, ही शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत फार गाजलेली कल्पना, आणि तिथल्याच डॉक्टरांनी ती तेव्हाच खोडून काढली.

घरी येईपर्यंत मला थंडी भरली, पोटऱ्यांत गोळे आले, जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाबाची गोळी चालू आहे का, हे तिथे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. एवढ्या पाण्याबरोबर अंगातले क्षार बिघडतात. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्याला ते जिवावर बेतू शकतं. आतड्याला भोक पडल्याच्या घटनाही नोंदलेल्या आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९७८ ते १९८० या काळात एका दवाखान्यातल्या अशाच यंत्रातून आमांशाचे जंतू पसरले. दहा जणांचं मोठं आतडं काढावं लागलं, त्यातले सहा दगावले. यंत्र नीट निर्जंतुक होत नव्हतं, कारण एवढंच.

बस्तीला मात्र या रांगेत बसवू नकोस. ती धुलाई नव्हे, ते गुदद्वारातून दिलेलं औषध. आमच्या वैद्यांनी खलात आधी मध आणि सैंधव घोटलं, मग धार धरून तिळाचं तेल, मग शेपेचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा, आणि शेवटी गाळलेला काढा. तेल वर तरंगेनासं होईपर्यंत ते घोटत राहिले. हा निरूह, म्हणजे काढ्याची बस्ती, उपाशी पोटी घ्यायची. तेलाची अनुवासन बस्ती जेवणानंतर, आणि ती काही तास आत राहिली पाहिजे. वातावर बस्तीसारखा उपाय नाही, तिला अर्धी चिकित्सा म्हणतात, असं चरकसंहितेत आहे. मला आठ दिवसांत कंबरेलाही आराम पडला. यंत्रापेक्षा मी कधीही बस्ती निवडीन, पण नाडी-पोट बघून देणाऱ्या वैद्याकडूनच.

पण तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, 'अधूनमधून थोडं रक्त दिसतं, मूळव्याध असेल'. ती वाचल्यापासून मला चैन नाही.

दादाचं तुला आम्ही नीट सांगितलंच नव्हतं. त्यालाही असंच कोंडलेलं वाटायचं. आठ महिने तो दर आठवड्याला एनिमा घेत होता. दर वेळी मोकळं वाटायचं, म्हणून पुढे कुणी पाहिलंच नाही. मी स्वतः डबा भरून दिलाय त्याला. मळ पेन्सिलीसारखा बारीक होतोय, असं तो मला एकदा म्हणाला होता, आणि मी म्हणालो, पाणी जास्त पी. जिना चढताना धाप लागायला लागली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. तेव्हा कुठे दुर्बीण घातली. डाव्या बाजूला गाठ होती आणि ती यकृतापर्यंत गेली होती.

तुझं तसंच असेल असं नाही. मूळव्याध असेल, थायरॉइड असेल, कॅल्शियमच्या गोळ्यांनीसुद्धा कोठा धरतो. पण आपण चोपन्नचे झालो, चार महिन्यांत सवय बदलली आणि रक्त आहे. पाणी घालून हे झाकायचं नाही. पोटाच्या डॉक्टरांना दाखव आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीची तपासणी, करायची का, ते सरळ विचार. तिला भिऊ नकोस. आदल्या संध्याकाळपासून पावडरीचं पाणी प्यावं लागतं, खारट-गोडसर लागतं, गार करून घेतलं की उतरतं. सारखं संडासला जावं लागतं, शेवटी नुसतं पिवळसर पाणी. तपासणी अर्ध्या तासाची, थोडी भूल देतात, कळतही नाही. त्यात काही निघालं नाही तर बस्तीसाठी मी तुला वैद्यांकडे घेऊन जाईन.

पॅकेजचे पैसे भरू नकोस, भरले असशील तर जाऊ देत. गोळ्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत काढून ठेव. भूल उतरेपर्यंत एकट्याला सोडत नाहीत, सोबत कुणीतरी लागतंच. तारीख मिळाली की फोन कर. मी आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं निघतो, संध्याकाळपर्यंत स्वारगेटला पोचेन. रात्री तुझ्याबरोबर जागाच राहीन. वहिनींना रक्ताचं सांगितलं नसशील तर आजच सांग.

तुझा,
बंडू