स्पेस स्टेशनची वेळ पण छापा

संपादक साहेब, नमस्कार,

शुभांशु शुक्ला 25 जून 2025 ला ॲक्सिअम-4 मोहिमेतून इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर गेले तेव्हा पेपरांची पानं भरली होती, राकेश शर्मांच्या 1984 च्या फ्लाइटनंतर 41 वर्षांनी आपला माणूस वर गेला म्हणजे भरणारच, पण 15 जुलैला ते परत आले आणि थोड्याच दिवसांत विषयच संपला. मला सगळ्यात भारी वाटलं ते उड्डाणाच्या आधीचं. रॉकेटमध्ये लिक्विड ऑक्सिजनची गळती सापडली आणि ती नीट दुरुस्त झाल्याशिवाय जायचं नाही असं इस्रोच्या लोकांनी लावून धरलं, आत माणसं बसणार म्हटल्यावर असंच पाहिजे.

आता मुद्दा असा की ते स्टेशन साधारण 400 किलोमीटरवरून दर दीड तासाला पृथ्वीभोवती फेरी मारतं आणि पुण्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसतं हो! अंधार पडल्यावर किंवा पहाटे, कारण तेव्हा खाली काळोख आणि वर त्याच्यावर ऊन असतं. सोसायटीतल्या पोरांना गच्चीवरून दाखवलं, पर्वतीच्या वरून न लुकलुकता सरळ जाणारा ठिपका, आणि पूर्वेकडे पृथ्वीच्या सावलीत शिरल्यावर मधेच विझला तशी पोरं ओरडलीच, "आत्ता त्यात माणसं आहेत?" आहेत ना, नोव्हेंबर 2000 पासून ते कधी रिकामं राहिलेलं नाही.

तुम्ही सूर्योदय-सूर्यास्त छापता तिथेच स्टेशन पुण्यावरून किती वाजता, कुठून कुठे जाणार एवढी एक ओळ टाका, नासा ही माहिती फुकट देते. पावसाळ्यात ढगांमुळे उपयोग नाही, पण दिवाळीपासून सुरू करता येईल.

— एक वाचक, सहकारनगर, पुणे