मिसरीने थांबलेले रक्त म्हणजे बरी झालेली हिरडी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिरडीतून रक्त येते म्हटले, की खेड्यात आजही सल्ला मिळतो, 'मिसरी लाव, थांबेल.' ते थांबतेही, आणि घात तिथेच होतो. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या या तंबाखूतले निकोटिन हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसवते. रक्त दिसेनासे होते. आत दाताला धरून ठेवणारे हाड झिजतच राहते.

दाताच्या कडेला साचणारा मऊ थर रोज निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांनी दोन-तीन दिवसांतच घट्ट होऊ लागतो. हेच किटण. ते ब्रशने निघत नाही, राखेने किंवा विटेच्या भुकटीनेही नाही. उलट त्या घासण्याने दाताच्या मुळाशी खाच पडते आणि गार पाणी झणझणते. किटणाला लागून असलेली हिरडी सुजते, खाली सरकते, दात लांब दिसू लागतात, शेवटी हलतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर हे सारे लवकर होते. 'दात साफ केले म्हणून हलायला लागले' अशी तक्रार सर्रास होते. दात आधीच सैल झालेला असतो, किटणाने त्याला शेजारच्या दाताशी जखडलेले असते एवढेच.

मिसरी सोडताना आधी दुपारची सोडावी, मग संध्याकाळची. सकाळची शेवटी, कारण 'त्याशिवाय पोट साफ होत नाही' ही अडचण खरी आहे. निकोटिनने आतड्याला चालना मिळते. तेवढे दिवस कोमट पाणी आणि पालेभाजी वाढवावी. तलफ आली की बडीशेप चघळावी. 1800-112-356 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

सोडल्यावर काही आठवडे हिरडीतून रक्त जास्त येऊ शकते. घाबरून बऱ्याच जणी इथेच पुन्हा डबी उघडतात. ते रक्त म्हणजे आधीपासून असलेली, आता उघडी पडलेली सूज. ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य असेल तिथे किटण काढून घ्यावे आणि मऊ ब्रश दात-हिरडीच्या सांध्यावर तिरका धरून दोन मिनिटे हलक्या हाताने फिरवावा. रात्री झोपताना तर नक्कीच. पेस्ट फ्लोराइडची असावी. नंतर नुसते थुंकावे, चूळ भरू नये.

मुलांची एक दाढ मात्र हमखास दुर्लक्षिली जाते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे, कोणताही दात न पडता येते. म्हणून दुधाचीच समजून किडू दिली जाते. ती कायमची असते, पुन्हा येत नाही.

तंबाखू असलेल्या पेस्ट व दंतमंजनांवर 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीपर्यंत ती पोहोचत नाही. तिथे पोहोचतात त्या आशाताई. तिशीपुढच्यांच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी घरोघरी माहिती त्या विचारतातच. 'तंबाखू खाता का?' असे विचारले तर बाई खरेपणाने 'नाही' म्हणते, कारण ती खात नाही, लावते. आरोग्य विभागाने प्रश्नच बदलावा: 'मिसरी लावता का, दिवसातून किती वेळा?' आणि उत्तर 'हो' आले, की त्याच भेटीत ओठ वर करून हिरडी पाहावी.

– ग्रामीण भागातील काही दंतवैद्य