‘९८ टक्के अचूक’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राजारामपुरी, शाहूपुरीत ‘एआय ट्रेडिंग’ शिकवणाऱ्या क्लासचे फलक वाढत चालले आहेत. जाहिरातीत बहुधा एकच आलेख असतो: शेअरच्या खऱ्या भावाची रेघ, तिला चिकटलेली अंदाजाची रेघ आणि खाली ‘९८ टक्के अचूक’. एवढ्यावर विसंबून कोणी फी भरू नये, म्हणून हे पत्र.

हजार रुपयांचा शेअर दिवसात साधारण दहा-वीस रुपये हलतो. तेव्हा ‘आजचा बंद भाव तोच उद्याचा’ असे डोळे झाकून सांगितले, तरी चूक एक-दोन टक्क्यांचीच होते. मॉडेलही (जुन्या आकड्यांवरून अंदाज करायला शिकवलेला संगणक प्रोग्राम) बहुतेक वेळा तेवढेच शिकलेले असते. आलेखातला एखादा महिना मोठा करून पाहा, अंदाजाची रेघ एक दिवस मागून चालताना दिसेल. भाव आधी वळतो, अंदाज दुसऱ्या दिवशी. म्हणून विचारायचे ते हे, की वाढ की घट, ही दिशा किती वेळा बरोबर आली?

दिशाही जुन्या आकड्यांवर छान जुळते, कारण मॉडेलला भविष्य चोरून दिसत असते. कंपन्यांना मार्चअखेरचे वार्षिक निकाल जाहीर करायला ६० दिवसांची मुदत असते. मॉडेलला दिलेल्या तक्त्यात मात्र त्या नफ्यापुढे तारीख ३१ मार्च. मग मेमध्ये जाहीर झालेला नफा पाहून मॉडेल १ एप्रिललाच खरेदी करते! आजच्या निफ्टीतले ५० शेअर घेऊन मागची वीस वर्षे तपासली, तर सत्यम, येस बँक यांसारखे बाहेर पडलेले शेअर हिशेबातच येत नाहीत. एकास एक बोनसनंतर (एका शेअरमागे एक शेअर फुकट) भाव निम्मा होतो. जुने भाव त्यानुसार सुधारले नसतील, तर मॉडेल त्याला घसरण समजते. आणि आकडे पत्त्यांसारखे पिसून शिकवणी व चाचणीत वाटणे तर साफ चूक. २०१५ ते २०१९ वर शिकवा, २०२० वर तपासा, मग एकेक वर्ष पुढे सरका.

गुळाच्या सौद्यांवर मॉडेल करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही सरासरी दर जपून वापरावा. एखाद्या दिवशी पहिल्या प्रतीची आवक जास्त झाली, की कुठल्याच प्रतीचा भाव न वाढताही सरासरी चढते.

खर्चाबद्दल कोणी बोलत नाही. डिलिव्हरीत (शेअर खात्यात घेऊन) खरेदीला ०.१ आणि विक्रीला ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क. आठवड्याला सगळ्या भांडवलाची एक फेरी धरली, तर वर्षाला ११ टक्के यातच गेले. ब्रोकरेज, जीएसटी आणि नफ्यावरचा कर वेगळा. शिवाय वरचे सर्किट (दिवसाच्या वाढीची कमाल मर्यादा) लागलेला शेअर कागदावर विकत मिळतो, बाजारात विकणाराच नसतो.

यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग, म्हणजे अशी मॉडेल घडवण्याचे तंत्र) निरुपयोगी मुळीच नाही. कार्डावरचे संशयास्पद व्यवहार टिपणे, कर्जाची जोखीम आजमावणे, भावातली चढउतार किती राहील याचा अंदाज घेणे, इथे ते खरोखर कामाला येते. दिशा सांगणे फार अवघड. बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ मध्ये शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्स (पुढच्या भावावर केलेले सौदे) यांतील ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते.

आतले नियम न दाखवता अल्गो (आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्राम) विकणाऱ्याने सेबीकडे रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी केली पाहिजे, असे फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात आहे. असा अल्गो विकणाऱ्यांच्या जाहिराती घेताना आपण हा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि जाहिरातीत ठळक छापावा, ही विनंती.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर