लोककवी वामनदादा कर्डक यांस, माझ्या आईच्या सहीबद्दल

आदरणीय वामनदादा,

सविनय जयभीम.

आपल्याला जाऊन आता बरीच वर्षे लोटली. 15 मे 2004 रोजी आपण गेलात. तरीही माझ्या आईला आज सही करता येते ती आपल्यामुळे, आणि हे आभार चारचौघांत मानावेत असे मला मनापासून वाटते.

आई बांधकामावर बिगारी काम करीत असे. मजुरीच्या वहीत अंगठा उठवताना तिची मान खाली जायची. भीमजयंतीला मात्र वस्तीतल्या गायन पार्टीने आपले गाणे धरले की तीच बाई पुढे बसून खड्या आवाजात साथ करायची. टाटा-बिर्लांच्या काळातल्या धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठे आहे, असे थेट विचारणारे गाणे तिचे विशेष आवडते. कष्टकऱ्यांची कीव करणारी गाणी पुष्कळ आहेत. आपला कष्टकरी हिशेब मागतो, आणि घमेली वाहणाऱ्या माझ्या आईला तो आपल्यातलाच वाटत असे.

एका रात्री मी तिला आपल्याविषयी वाचून दाखवले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेले आपण पुढे मुंबईत खडी फोडलीत, कोळसा उचललात, चिक्की विकलीत. कोणी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता येईना म्हणून आपल्याला रडू आले. मग देहलवी मास्तरांनी बाराखडी शिकवली आणि जोडाक्षरे आपण दुकानांच्या पाट्या वाचून शिकलात. आई बराच वेळ गप्प होती. "एवढी गाणी लिहिणाऱ्याला आधी वाचता येत नव्हतं?" एवढेच तिने विचारले, आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येताना पाटी-पेन्सिल घेऊन आली. तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती.

बाराखडी मी शिकवली. जोडाक्षरांसाठी मात्र तिने आपण दाखवलेलाच मार्ग धरला आणि नाशिकच्या बसस्थानकावर एसटीच्या पाट्या वाचू लागली. आपल्या तालुक्याचे 'सिन्नर' तिला लवकर जमले, 'त्र्यंबकेश्वर'ने आठ दिवस घेतले. ते जमले त्या संध्याकाळी तिने आपले गाणे गुणगुणत भाकऱ्या थापल्या.

हे पत्र मी तिला वाचून दाखवायला बसलो, तर तिने कागद हातातून घेतला आणि बोट ठेवत स्वतःच वाचले. खाली पहिली सही तिची आहे, दुसरी माझी.

आपले कृतज्ञ,
माय-लेक