सकाळचे सात, संध्याकाळचे सात

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा बाबांच्या गुडघ्याची चौकशी करून फोन ठेवला. म्हणून लिहिते आहे. मी घरी एक कुत्रा आणला आहे. आणायचा विचार आहे असं नाही, आणला आहे. उद्या त्याला तीन आठवडे होतील.

आधी सगळं वाचा, मग रागवा. नाव भुऱ्या. वय चारच्या आसपास असावं, दातांवरून डॉक्टरांनी तसा अंदाज केला. त्याला अपस्मार आहे, म्हणजे फिट येतात. हा आजार जात नाही, औषधाने आटोक्यात राहतो. मी त्याला दत्तक घेतलेलं नाही, फॉस्टर करते आहे. म्हणजे कुत्रा प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेचाच, डॉक्टर आणि औषधांचा खर्चही त्यांचा. घर आणि वेळ माझा, त्याला कायमचं घर मिळेपर्यंत. आई म्हणेल, आजारी जनावर कोण नेतंय, म्हणजे तुझ्याच गळ्यात पडणार. तो बराच काळ इथे असेल असं धरूनच मी हो म्हटलं आहे, आई.

त्याची गोळी, फिनोबार्बिटोन, बरोबर १२ तासांनी द्यावी लागते. सकाळी ७, संध्याकाळी ७. चुकवून चालत नाही आणि एकदम बंद तर अजिबात करायची नाही, त्यानेच मोठी फिट येऊ शकते. संस्थेत इतकी कुत्री, इतका आरडाओरडा, तिथे एकट्या भुऱ्याचं घड्याळ कोण सांभाळणार? त्यांनी प्रयत्न केला. तरी महिन्यातून दोनदा वेळ चुकायची आणि तो कोपऱ्यात पडलेला सापडायचा. मी त्याला भेटायला गेले त्या दिवशी तो नुकताच फिटमधून उठला होता. भिंतीला अंग घासत चालत होता, कारण त्याला काही दिसत नव्हतं. असं काही वेळ होतं, मग दिसायला लागतं. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. दिसायला लागल्यावर त्याने पहिल्यांदा माझी चप्पल हुंगली.

तुझा पहिला प्रश्न मला पाठ आहे, आई. नाही, तो पिसाळलेला नाही. पिसाळलेला कुत्रा लक्षणं दिसल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत दगावतो, आणि याला फिट येताहेत त्याला आठ महिने झाले. रेबीजची लसही दिलेली आहे. अपस्मार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, माणसालाही नाही.

आता जे लिहायचं टाळते आहे ते. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मी चार दिवस राहून परत आले. आणि आता कुत्र्याच्या गोळीसाठी रोज ७ च्या आत घरी पोचते. तेव्हा नोकरी नवी होती, रजा मिळत नव्हती. आता निम्मा आठवडा घरून काम करता येतं. हे सगळं खरं आहे, तरी गोळी हातात घेतली की मला ते चार दिवस आठवतात. तुम्हाला वाटलं की हिला कुत्र्यासाठी वेळ आहे, आमच्यासाठी नव्हता, तर तसं वाटण्यात तुमचं काही चुकलं नाही. फक्त मनात ठेवू नका, मला बोला. बाबा, तुम्हीसुद्धा. ‘ठीक आहे’ म्हणून पेपर उघडू नका.

इथे आल्यावर नवव्या रात्री त्याला फिट आली. नखांची फरशीवर टकटक ऐकून जाग आली. कुशीवर पडला होता, चारही पाय पळत असल्यासारखे हलत होते, तोंडाला फेस. तोंडात हात घालायचा नसतो, कुत्रा जीभ गिळत नाही. टेबल बाजूला सरकवलं, दिवा मंद केला आणि घड्याळ लावलं. १ मिनिट ४० सेकंद. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा २४ तासांत दुसरी आली, तर लगेच दवाखाना. तसं झालं नाही. पण ते १०० सेकंद मोजताना, आई, मला तू आठवलीस. मला लहानपणी तापात झटके यायचे तेव्हा तू असंच मोजायचीस ना? बाबा थर्मामीटर हातात धरून दारात उभे असायचे, आत यायचे नाहीत. तू मला ती गोष्ट नेहमी ‘तू काय छान झोपायचीस नंतर’ अशीच सांगितलीस. तुला किती भीती वाटली असेल, ते मला त्या रात्री कळलं.

त्यानंतर आलेली नाही. औषधाची शरीराला नीट सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला तो मागच्या पायांनी डुलत चालायचा. आता नाही. भूक आणि तहान मात्र फार लागते. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, त्यात यकृतही बघतात.

तुम्ही ठरल्याप्रमाणे यायचंच आहे. तुमची खोली तशीच आहे. तिचं दार लागतं, भुऱ्या तिथे येत नाही. बाबांची खुर्ची खिडकीपाशीच आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला, रात्रीचा छोटा दिवाही लावलाय. त्याचं पाण्याचं भांडं तुमच्या वाटेतून हलवलं, पाय घसरायला नको. केसांचं म्हणाल तर मी रोज झाडते.

पण काही गोष्टी ऐकायच्या. बाबा, गोळ्या टेबलावर मोकळ्या ठेवायच्या नाहीत. खाली पडली तर शोधून उचलायची, नाही सापडली तर मला सांगायचं. तुमची दुखण्यावरची गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते. आई, द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट यातलं काहीही लाडाने भरवायचं नाही, तो कितीही बघत बसला तरी. फिट येताना दिसली तर हात लावू नका, मला हाक मारा. शुद्धीवर येतानाही जवळ जाऊ नका, त्या वेळी त्याला कोणी ओळखू येत नाही.

आपल्या आधीच्या कुत्र्याचं, बंड्याचं, मी काही बोलणार नाहीये, बाबा. तेव्हा दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, हे मला केव्हाच कळलंय. भुऱ्या तुमच्या खुर्चीजवळ येऊन बसला तर बसू द्या, एवढंच.

आणि मी तिकडे यायची बंद होणार नाही. फिट आलेल्या कुत्र्याला सांभाळता येईल अशी एक बाई संस्थेतच आहे, तिच्याशी बोलून ठेवलंय. तुमच्यापैकी कोणाला बरं नसेल तर मी त्याच दिवशी निघेन. या वेळी चार दिवसांत परतणार नाही.

बाबा, बीपीची गोळी तुम्ही अधूनमधून विसरता हे आईने सांगितलंय. उद्यापासून सकाळी ७ ला मी फोन करणार, भुऱ्याची देऊन झाली की लगेच. पाण्याचा पेला हातात घेऊनच फोन उचला.

आई, येताना माझी ती निळी चादर आण, कपाटात खाली आहे. फाटलेली असली तरी चालेल.

तुमची,
छोटी